तुळजाची दाबलेली हाक

आईच्यान, माझ्या मेलेल्या नवऱ्याच्यान, उळवीच्या बसवण्णाच्यान, आन् ह्या चुलीतल्या इस्तवाच्यान सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! एक अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ झडून परातीत पडू दे, आन् शकुंतलेनं ती तांदळातल्या खड्यागत उचलून भाईर फेकू दे. शकुंतला म्हंजे माझी सून. ही बगा, आत्ताच हसाय लागली. आजून मी तोंड उघडलं न्हाई तर हिला खोटं दिसाय लागलं.

तर तुळजा. कुणब्याची बाई, फणसमळातली. फणसमळ कुठं हाय म्हणून इचारू नका. सुप्याच्या धरणाच्या पोटात हाय ते, आन् तिथली फणसं आता मासे खात्यात. त्या बाईचा आवाज काय सांगू! फणसमळातनं म्हशीला हाक मारली की उळवीच्या जत्रंतले बैल माना वळवायचे. एकदा नवऱ्याला जेवायला हाक मारली, तर तीन वाड्यांतले नवरे पाटावर येऊन बसले आन् जेवूनच उठले.

"अत्ती, वाईच कमी करा की," शकुंतला म्हणते.

कमी? कमीच सांगितलं हाय. चौथ्या वाडीतला लंगडा हुता, तो वाटंत ऱ्हायला म्हणून त्येला धरला न्हाई.

आता त्येंच्या वाडीतली एक रीत ऐका, समदी गोष्ट तिच्यावरच उभी हाय. पोरगी लगीन हुन सासरी निघाली की पयल्या व्हळाला थांबायची. एक पाय पाण्यात, एक काठावर. मागं वळून बगायचं न्हाई. मागनं आई हाक मारनार, तीन बार. आन् दोन हाकांच्या मधी येळ किती? पान लावावं, चघळावं, थुकावं, येवढा. पयल्या हाकंला पोरीनं ओ द्यायची न्हाई, ती देवचाराची आसू शकती. देवचार म्हंजे भूत, ते आईचा आवाज काढतं, पण त्येला एकच बार जमतं. दुसरीला बी द्यायची न्हाई, ती रानाची. रान ऐकलेलं परत म्हणतं. तिसरी हाक मारायला माणसाचा जीव लागतो. ती आईची. तिला ओ द्यायची, आन् व्हळ वलांडून जायचं.

जिला तीन हाका मिळाल्या तिच्या मागं माणूस हाय. तिला सासरी काय कमीजास्त झालं तर माहेरचे जाऊन इचारनार. जिला न्हाई मिळाल्या ती बिनहाकेची. तिला मारा, उपाशी ठेवा, कुणी इचारायला यायचं न्हाई. सणाला माहेर न्हाई. बाप मेला तरी वाट न्हाई. देवचाराची म्हणून धरायची, आन् देवचाराकडनं कोण हिशेब मागतंय?

तुळजाची पोरगी सुंदरी दुडूदुडू पळत हुती तवा तुळजाला खोकला लागला. असा खोकला की कोंबड्या अंडी अर्धी टाकून पळायच्या. तिला कळलं, आपण काय पोरीच्या लग्नाला ऱ्हात न्हाई. त्या येळंला धरणावर एक इंजिनेर हुता, केरळाकडला. त्येला पाखरांचे आवाज धरायचा नाद. ताटायेवढाल्या रिळांचं मशीन गड्याच्या डोस्क्यावर देऊन रानात हिंडायचा. तुळजा त्येच्या वाटंत जाऊन उभी ऱ्हायली.

"पाखरं काय धरतोस रं बाबा? ती उद्या बी वरडत्यात. मला धर."

त्येनं धरली. तीन हाका, मधल्या गप बसण्यासकट. रीळ तिच्या हातात दिलं. तिनं ते नवऱ्याच्या, नागूच्या हातात दिलं. "मी जाईन, गाव जाईल. हे जपा. पोरगी निघंल त्या दिशी व्हळावर वाजवा. हाक माझीच हाय, यंत्रात आसली म्हणून काय झालं." मग मेली. काठावर जाळली तिला, आन् पुढल्या साली पाणी चढलं ते तिच्या राखंवरनंच चढलं.

नागू पोरीला घिऊन रामनगरला आला, आमच्या परड्याच्या मागं घर मिळालं त्येला. रीळ भाताच्या मुडीत, पेंढ्याच्या गाठोड्यात, घालून आढ्याला टांगलं. उंदीर भात खायचे, रीळ न्हाई. उंदरांना बी कळतं.

सुंदरीला आईचं तोंड आठवत न्हवतं, आन् आवाज तर न्हाईच. पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, "आली बगा माशांची भाची. आईला निरोप हाय काय, कळशीत घालून देतो." ती बारडी भरायची आन् म्हणायची, "निरोप कशाला? आवय माझी रिळात हाय. मी निघाले की हाक मारनार हाय."

मी तिला म्हणलं, "अगं सुंदरे, येवढं हाय तर आत्ताच ऐक की."

"न्हाई कमळाक्का. ऐकली की ओ द्यावी लागंल. आन् माझ्याजवळ एकच हाय."

आयुष्यात आईशी एक शब्द बोलायचा, तो बी 'ओ'. त्येच्यासाठी ती पोरगी लगीन करत हुती. न्हाईतर लाडूशी कोण करतंय?

लाडू म्हंजे नवरा. उळवीच्या वाटंवरल्या एका वाडीतला. त्येच्याबद्दल सांगण्यासारखं काय न्हाई. आईनं 'बस' म्हणलं की बसायचा, खाली बाकडं हाय काय बगायचा न्हाई. सांगायचं ते त्येच्या आईचं. बाळी तिचं नाव. लिंबाच्या बीसारखी बाई, बारीक, गुळगुळीत आन् कडू. थोरल्या पोराची बायको तिनं तापल्या कालथ्यानं डागली हुती, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून. ती सून हुती तीन हाकांची. तिचे भाऊ आले, बाळीची समदी मडकी अंगणात आपटली आन् बहिणीला घिऊन गेले. बाळीला सुनेचं काय न्हाई वाटलं. मडक्यांचं वाटलं. तवापासनं म्हणायची, "आता आणीन तर बिनहाकेची आणीन." आन् नागूच्या दारात आली ती तेच हुंगत आली. आई मेल्याली, गाव बुडाल्यालं, भाऊ एक बी न्हाई.

सुपारी फुटली, बोलणी झाली, आन् मग नागूनं मुडीकडं बोट केलं. "इहीणबाई, तुळजाची हाक हाय हं त्येच्यात. तीनी हाका."

बाळीचं तोंड असं झालं की ताकाच्या तांब्यात पाल दिसावी. पण म्हणली काय? "बरं झालं की. पोरीला हाक पायजेच."

आता वासूचं ऐका. साल नव्व्याण्णव. पेपरात येत हुतं की नवं साल लागलं की जगातले कांपुटर बंद पडनार. लोक इकून टाकाय लागले हुते, आन् वासूनं त्याच साली बेळगावास्नं आणला. बस स्टँडाच्या मागं त्येच्या बाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथं टेबलावर मांडला. त्येनं तो चालू केला की रामनगरातले दिवे बारीक हुयाचे, आन् गणेशगुडीच्या पॉवर हौसातला माणूस जेवणावरनं उठून बगायचा, कोण पितंय एवढं.

इंजिनेराचं रिळांचं मशीन भंगारात वासूच्या बापाकडंच आल्तं. म्हणून नागू तिथं गेला, हाक कॅसेटीवर उतरवून घ्यायला. मी संगं गेले. सुंदरी बी आली, पण दुकानात पाऊल टाकलं न्हाई. बापलेक दोघं रस्त्यापल्याड गुलमोहराखाली जाऊन बसले, कानात बोटं घालून.

वासू म्हणला, "ह्येंचं रीळ आन् हेच भाईर?"

मी म्हणलं, "त्येंच्यात हाक ऐकली की खर्च हुती रं. मी परकी. मला चालतंय. मी बगते तीनी उतरल्या काय."

"सरळ कॅसेटीवर घालाय नको," वासू म्हणला. "त्येची खरखर त्येच्यात जाती. मी कांपुटरात घेतो, धुतो, मग कॅसेटीवर घालतो. लग्नात वाजवाल तवा पिच्चरगत वाटंल."

मशीन फिराय लागलं. आधी एक पाखरू. मग म्हशीची घंटा. वारा. तुळजाचा खोकला. आन् मग,

"सुंदरे गे बायऽऽऽ"

अगं बाई! दुकानातले बंद पडल्याले रेडिओ चालू झाले, दुरुस्तीला आल्याले, वायर तुटल्याले, समदे. माझ्या अंगावर शिरशिरी आली ती चार दिस उतरली न्हाई. मग गप. त्या गप बसण्यात पण काय तरी हुतं. कान लावला तर तुळजा मांडीवरल्या पोरीला हळूच सांगत हुती, "आत्ता न्हाई गे. थांब." मग दुसरी हाक. मग परत, "आजून न्हाई." मग तिसरी. तिसरीला आवाज फाटला हुता. खोकला दाबून मारल्याली हाक ती.

कांपुटरात ती अख्खी गेली तवा टेबलाचे पाय चार बोटं जमिनीत रुतले. आजून खड्डे हायत, जाऊन बगा.

"ही अख्खी फाईल, अक्का," वासू म्हणला. "रिळात जे हाय ते समदं हिच्यात हाय, काडीनं कमी न्हाई. पण लई जागा खाती. माझी पिच्चरची गाणी कुठं ठेवू मग? हिला दाबायला पायजे."

"दाबायची म्हंजे?"

"म्हंजे कान जे ऐकत न्हाई ते काढून टाकायचं. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज झाकतो की न्हाई? तो टाकायचा. लई बारीक, लई जाड, ते बी टाकायचं. मग येवढीशी हुती. कुणाला कळत बी न्हाई."

"कान काय ऐकत न्हाई हे कुणी ठरवलं?"

"परदेशातल्या साहेबांनी."

"त्येंनी तुळजाला ऐकली हुती काय?"

"अक्का, साळ सडून कोंडा टाकतेस की न्हाई तू?"

"टाकत न्हाई रं पोरा. कोंडा म्हशीला घालते. म्हणून दूध हाय घरात."

वासू हसला. त्येनं कांपुटरच्या डब्यावर एक वीट ठेवली हुती. मला वाटलं, ह्याच्यानंच दाबतोय. म्हणलं, दाब बाबा, वीट तर बारकीच हाय. दुपार जाईल म्हणला, म्हणून आमी तिघं घरला आलो.

दुपारी त्या दुकानात काय झालं ते मला वासूनंच सांगितलं, नंतर, हसत हसत. वासू खोटं बोलनार न्हाई. खोटं बोलायला डोकं लागतं.

बाळी बाजाराला आल्ती. दुकानात शिरली, तोंडात पान.

"इहिणीची हाक हितंच धरलीया म्हणं? बगू तर कशी दिसती."

"दिसत न्हाई मावशी, ऐकू येती." वासूनं ऐकवली. मग डोकं खाजवलं. "एक इचारू? दाबून दाबली तरी लांबच हाय. तेच तेच तीन बार वरडल्यात. मधी नुसती खुसफूस. त्येंच्यात तीनी लागत्यात काय? का एक ठेवू?"

आता बगा. हे पोरगं बाजारपेठेतलं, त्येला रीत काय ठावी? ज्या बाईला ठावी, तिलाच त्येनं इचारलं.

बाळीनं पान एका गालातनं दुसऱ्या गालात नेलं. "तुझी आई तुला जेवायला किती बार हाक मारती रं?"

"एकदा. दुसऱ्या बारीला लाटणं येतं."

"मग? आई एकदाच हाक मारती. बाकीचं यंत्रात अडाकलं आसंल. टाक काढून."

"मधली खुसफूस?"

"ती तर आधी टाक. मेल्याली बाई खोकती, पोरगी रडंल लग्नात. लगीन हाय, मयत न्हवं."

वासूला पटलं. त्येनं एक हाक ठेवली, दोन पुसल्या. मग ती एक हाक दाबली. जितकी दाबती तितकी दाबली, कारण कांपुटरात खालची पायरी हुतीच, आन् खालची पायरी दिसली की वासूला उतरावंसं वाटतंच. मग अख्खी फाईल पुसून टाकली. आन् कॅसेट उरली म्हणून पुढं त्येनं काय भरलं ते येईल आता.

कॅसेट नागूच्या हातात आली. मी म्हणलं, "नागू, दे इकडं. माझ्या टेपात एकदा लावून बगते. मी ऐकली तर चालतंय की."

नागूनं ती छातीशी धरली. "नको अक्का. दुकानात ऐकलीस ती रिळातली. रिळातनं निघून ती ह्याच्यात आली. आता ह्याच्यातनं निघाली की व्हळावरच निघायला पायजे. मधी काढली आन् परत आत गेलीच न्हाई तर?"

"हाक काय कोंबडी हाय काय, खुराड्यात जायला?"

"मरू दे अक्का. मला भ्या वाटतंय."

न्हाई दिली. बिचाऱ्यानं इतकी जपली, इतकी जपली, की बगितलीच न्हाई.

लगीन झालं. जेवणं झाली. वरात व्हळावर आली. पल्याडच्या काठाला बाळीकडचा टेंपो उभा, त्येला केळीचे खुंट बांधल्याले, आत वऱ्हाडी दाटीवाटीनं चढल्याले. अल्याड आमी. सुंदरीनं डावा पाय पाण्यात घातला. लाडू तिच्या पुढं, पाण्याच्या मधी, नाकात बोट. नागूनं टेपरेकार्डर जांभळीच्या बुंध्यावर ठेवला, डोळे मिटले आन् बटण दाबलं.

बायकांनी पोरांची तोंडं दाबून धरली. सुंदरीची पाठ मला दिसत हुती. पाठीला बी कान आसत्यात, त्या दिशी मला कळलं.

"सुंदरे गे बाय."

तुळजाचाच आवाज. पण कसा? रिकाम्या कळशीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. घंटा न्हाई, वारा न्हाई, खोकला न्हाई. हाकंची शेपूट, ती लांब ओढल्याली 'ऽऽऽ', ती बी न्हाई. कुणीतरी मानंवर पाय दिल्यागत.

सुंदरीनं ओठ दाताखाली धरला. ओ दिली न्हाई. पयली हाक. शहाणी पोरगी. उभी ऱ्हायली, दुसरीची वाट बगत. टेपात सूं सूं. पान लावून झालं आसंल. चघळून झालं. आन् मग टेपातनं कोण बोललं? वासू!

"ही कॅसेट तयार करनार, वासू म्युझिक, बस स्टँडाच्या मागं, रामनगर. लगीन, बारसं, वाढदिवस, मयत, समद्याला लागनारी गाणी वाजवी दरात." आन् धडाड्धूम करून डिस्को चालू.

टेंपोतली पोरं नाचाय लागली. एका म्हाताऱ्यानं तर शिट्टी मारली. नागू बटणं दाबत सुटला, त्येला बंद करायचं घावंना.

बाळी पाण्यात दोन पावलं आली. "झालं? हाक मारली तुझ्या आवयनं?"

"आजून दोन हायत," सुंदरी म्हणली. मागं वळली न्हाई.

"कुठं हायत? दाखव. मला तर एकच ऐकू आली. ए लाडू, किती आल्या?"

"एक," लाडू म्हणला.

"आन् एकच हाक कोण मारतं, ठावं हाय न्हवं समद्यांना?"

समद्यांना ठावं हुतं. बायकांनी पदर पुढं घेतले.

नागू वरडला, "थांबा, थांबा! मागं फिरवतो, परत लावतो!" त्येनं कॅसेट मागं पळवली. दोनदा परत वाजवली तर तीन हुतील, येवढाच इचार बिचाऱ्याचा.

बाळी म्हणली, "तीच हाक तीनदा वाजवलीस तर तिला तीन म्हणायचं व्हय रं? मग मी बी एक भाकरी तीनदा दाखवून गडी जेवू घालते."

पण तेवढं बी झालं न्हाई. टेपानं कॅसेट खाल्ली. नागूनं झाकण उघडलं तर आतनं तपकिरी फीत भसाभसा भाईर आली, हातभर, काखभर. तो ओढतोय आन् ती येतीया. टेंपोतली पोरं म्हणली, "आतडी निघाली, आतडी!"

मी धावले. ह्या गुडघ्यांनी धावले, अशी की कुत्री वाट सोडून उभी ऱ्हायली. वासू दुकानात समोसा खात हुता.

"वासू! अख्खी दे. ती मोठी, समदं आसल्याली."

"अख्खी? ती पुसली अक्का. दाबल्यावर अख्खीचं काय काम?"

"मग रीळ दे! मशीन उचल, चल व्हळाला!"

"रीळ बानं नेलं की शेतावर. साळीवर पाखरं पडाय लागली हुती. फीत ताणून बांधली चारी मेरंला. वाऱ्यात अशी घुमती अक्का, एक पाखरू बसत न्हाई." मग माझं तोंड बघून म्हणला, "का गं? एक हाक बरी न्हाई आली काय?"

बाळीनं काय सांगितलं ते तवाच त्येनं मला सांगितलं. समोसा खात खात. मी त्येच्या हातातला समोसा काढला आन् त्येच्याच डोस्क्यावर फोडला. मग परत व्हळावर आले आन् समद्यांच्या देखत बोलले, बाळीनं हाका पुसायला लावल्या म्हणून.

बाळी म्हणली, "लावल्या. मग? आईची हाक आसती तर माझ्या बोलण्यानं पुसली गेली आसती काय? खडूनं लिवल्याली हुती व्हय?"

समदे टेंपोकडं बगाय लागले. कारण लगीन झाल्यालं, जेवण पोटात गेल्यालं, आन् टेंपोचं भाडं चढत हुतं.

नागू हात जोडून म्हणला, "इहीणबाई, मी बाप हाय. मी मारतो हाका. तीन बार, पायजे तर तीस बार."

"बाप्याची हाक? बाप्यानं हाक मारायची ती बैलाला."

मी तोंड उघडलं तर माझ्याकडं बोट केलं. "आन् तू कोण गं? तू हिला तुझ्या पोटातनं काढलीस? गप ऱ्हा मराठ्याची."

सुंदरी तशीच. एक पाय पाण्यात. म्हणली, "मी थांबते. आवयनं तीन मारल्या हुत्या. तीन ऐकल्याबिगर मी जात न्हाई."

"थांब की!" बाळी म्हणली. "धरणाची दारं उघडाय सांगू? पाणी उतरलं की येईल वर तुझी आवय, शेवाळ पुशीत. तवर लाडू, तू बस."

लाडू पाण्यातच बसला.

थांबली पोरगी. पाय पांढरा पडला, सुरकुतला. बारके मासे टोचाय लागले. वऱ्हाडी जांभया द्याय लागले. नागू जांभळीखाली मांडीवर फीत घिऊन गुंडाळत हुता, जशी काय ती गुंडाळली की आतली बाई नीट बसंल.

आन् मग आली. सुप्याच्या अंगानं, डोंगरावरनं, झाडांच्या शेंड्यांवरनं. दुसरी हाक. "सुंदरे गे बायऽऽऽ!" अख्खी! घंटेसकट, वाऱ्यासकट. पाण्यावर काटा आला. टेंपोची काच तडकली. मग गप. पान लावून, चघळून, थुकण्यायेवढं गप. बाळीचं तोंड पांढरं फटक. मग तिसरी, फाटक्या आवाजाची, खोकला दाबल्याली. सुंदरीनं मान वर केली, छाती भरून घेतली आन् ओ दिली. "ओ गे आवय!" अशी दिली की माझ्या कानात आजून हाय. आन् व्हळ वलांडून गेली.

झालं. संपली गोष्ट. शकुंतले, तांदूळ दे हिकडं.

"अत्ती," शकुंतला म्हणते. आता हसत न्हाई बगा ती. "तीन हाका झाल्या म्हणता. मग नागूकाका मेला तवा सुंदरी का आली न्हाई? तिरडी दुपारपतोर ठेवलीती तिच्यासाठी. कुणी सोडलंच न्हाई तिला. एकाही सणाला आल्याली मी बगितली न्हाई."

सुम्म, गप बस म्हणलं तर बसत न्हाई ही.

बरं. एकच गोष्ट मी घातली. एकच. बाकीचं समदं खरं, पायजे तर त्याच शपथा परत घालते. सुप्याकडनं कोण बी हाक मारली न्हाई. टेंपोवाल्याला उळवीकडला घाट चढायचा हुता, तो कटाळला, त्येनं हॉर्न वाजवला. पी. कुणी हाललं न्हाई म्हणून वाईच थांबला आन् परत वाजवला. पी.

बाळी हसली. हसता हसता पाण्यात पडत हुती, लाडूच्या डोस्क्याला धरून उभी ऱ्हायली. "एक त्या डबड्याची, दोन टेंपोच्या! झाल्या गं तुझ्या तीन! दे ओ, दे!" टेंपोतले हसले, काठावरचे हसले. आमच्या बाजूचे बी हसले.

सुंदरीनं डोळे मिटले, हॉर्न वाजला त्या बाजूला तोंड केलं, आन् ओ दिली.